माशाची खुशाली

मासा मी आणला होता. गोदाकाठच्या एका भोयाने जाळ्यात जिवंत सापडलेला चालट मला दिला. हातभर लांब, पाठीला कुबड, अंग सुरीच्या पात्यासारखं चपटं. अंबडला फोटोच्या चौकटी करणाऱ्याकडून काचेची मोठी पेटी करवून घेतली, काचा लांबी भरून पक्क्या बसवल्या. मी शिकवायचो त्या शाळेतले सगळे मास्तर बघायला आले. चालटाने पहिल्याच दिवशी सोबत सोडलेल्या चारही मासोळ्या फस्त केल्या आणि दुसऱ्या दिवशी माझं बोट फोडलं.

माझ्या बायकोच्या हातून मात्र तो मुकाट गांडूळ घ्यायचा. दिवसभर पेटीतल्या फुटक्या माठाआड दडलेला असायचा. तिच्या बांगड्या वाजल्या की सुळकन बाहेर. ती त्याच्याशी बोलायचीसुद्धा. लग्नाला वर्ष झालं तरी माझ्यासमोर तिच्या तोंडून धड चार शब्द निघत नव्हते. मला जळायला एवढं पुरे होतं.

सातव्या महिन्यात कासारणीने तिला नवा हिरवा चुडा भरला. उतरवलेल्या जुन्या बांगड्या खुंटीला अडकवून ती बाळंतपणाला बदनापूरला माहेरी गेली. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, तिचे वडील लिहायचे. पहिलं पत्र आलं: मासा वेळेवर जेवतो का? वाळला तर नाही ना? खाली वडिलांचे आशीर्वाद. दुसऱ्या पत्रातही तेच. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. मी उत्तरच दिलं नाही. लिहू दे म्हटलं माशालाच.

आणि मासा खायचा बंद झाला. पाच दिवस गांडुळं तळाशी पांढरी पडत राहिली. हा मेला तर ही जन्मभर मला बोल लावणार, या धास्तीने मी शेवटी खुंटीवरच्या बांगड्या काढल्या. दार लावून घेतलं आणि पेटीजवळ त्या वाजवल्या. चालट माठाआडून आला, गांडूळ घेतलं आणि परत गेला. मग रोज तेच. दिवसा पोरांना छडी दाखवणारा मी संध्याकाळी बांगड्या वाजवत उभा. आणला मी, पाणी बदलतो मी, अन् याला जेवायला आवाज तिचा पाहिजे. इतका माझा जळफळाट माणसापायीही कधी झाला नव्हता.

तिसऱ्या पत्रातही मासाच होता. मी कार्डावर एक ओळ खरडली: मासा जेवतो.

मुलगी झाली. तीन महिन्यांची लेक घेऊन ती परत आली. पेटीवरच्या बांगड्या तिला दिसल्या.

"ह्या हितं कश्या आल्या?"

सांगावं लागलं. सांगता सांगता माझा तोल गेला. "तीन पत्रं आली तुझी. तिन्हीत मासा. मी जिता हाय का मेलो, एकदा तरी इचारायचं व्हतं."

ती लेकीचं दुपटं सारखं करत राहिली.

"लिव्हत व्हते बाबा," ती म्हणाली. "बाबाला कसं सांगू, माझा नवरा जेवतो का इचारा म्हणून? मंग माशाचं इचारलं."

मी पेटीवरच्या बांगड्या उचलून खुंटीला अडकवल्या.

"दोन पत्राला उत्तर न्हाई आलं, तवा घास उतरला न्हाई. तुमचं कार्ड आलं, त्या दिवशी पोटभर जेवले."