धुळ्यातच लागणारी कॅसेट

तोताराम आबांचं एक म्हणणं होतं आणि ते त्यांनी यावलच्या बाजारापासून रावेरच्या केळीच्या ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. खिळा कुठल्याही दुकानातून आणा, तो कुठल्याही भिंतीत जातो. मग या विजेच्या वस्तूंनाच एवढा माज कसला? मिक्सरचं भांडं फुटलं तर दुसरं बसत नाही, का तर मॉडेल बदललं. रेडिओची वायर टेपला चालत नाही, का तर टोक वेगळं. "मी वीस वर्सं धोतर नेसू राह्यलो," आबा म्हणायचे, "एका तरी दुकानदारानं सांग्तलं का, की हे धोतर तुमच्या कमरेले नाही बसणार, कंपनी वेगळी आहे?"

लोक हसायचे. आबा हसत नसत. त्यांचा राग खरा होता, आणि पुढे तो घरात येऊन बसला.

झालं असं, की शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या बेबाचं लग्न झालं. जावई मोतीलालराव धुळ्याला वीज मंडळात. लग्नात व्हिडीओ शूटिंग हवं असा व्याह्यांचा हट्ट, त्यामुळे सुरतेहून त्यांच्या ओळखीचा एक शूटिंगवाला आला. त्या प्रखर दिव्यांनी भटजींच्या कपाळावरचं गंध वितळलं, पण गावात व्हिडीओ झालेलं हे पहिलंच लग्न. आबा मांडवात छाती काढून फिरत होते.

आणि आबांची बायको, धुरपदाबाई? त्या मांडवात नव्हत्या. लग्न लागताना नवरीच्या आईनं ते बघायचं नसतं. त्यांच्यात तशीच रीत होती. आईनं मागच्या अंगणात जायचं, मांडवाकडे पाठ करायची आणि तुळशीला पाणी घालत बसायचं. धुरपदाबाईंच्या आईनं तेच केलं होतं, तिच्या आईनंही तेच. एकुलती एक पोर, अठरा-एकोणीस वर्षं उराशी धरून वाढवलेली, आणि तिच्या डोक्यावर अक्षता पडताना आईच्या नजरेसमोर काय, तर तुळशीची कुंडी!

वऱ्हाड गेल्यावर घर खायला उठलं. धुरपदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आबांना काही सुचेना, तेव्हा ते म्हणाले, "रडू नको. आपल्या म्हाताऱ्यांनी लग्न पाह्यची बंदी घातली, व्हिडीओ पाह्यची नाही घातली. कॅसेट आली की तुले सारं लग्न दाखवतो. तुह्या सात पिढ्यांत कोण्या मायनं पाह्यलं नसंन असं!"

धुरपदाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "खरंच दिसंन?"

"न दिसायले काय झालं?"

कॅसेट आली. आबांनी रविवारी दुपारी व्हिडीओ भाड्यानं देणाऱ्या चिंधाला टीव्ही-मशीनसकट बोलावलं. ओटीवर चटया पडल्या, बायका पोरंबाळं घेऊन आल्या. धुरपदाबाईंनी लग्नातलं नवंकोरं लुगडं नेसलं होतं आणि टीव्हीला हळदीकुंकू लावलं होतं. चिंधानं कॅसेट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि डोकं खाजवलं.

"आबा, ही लहान कॅसेट आहे."

"मंग? लहान आहे त सैल जाईन. ढकल ना!"

"नाही जमायचं. माझं मशीन मोठ्या कॅसेटचं. हे दुसऱ्या घराण्याचं काम आहे."

आबांनी कॅसेट हिसकावून स्वतः ढकलून पाहिली. ती मशीनच्या तोंडात कलंडली, पण लागली नाही. चिंधा "अहो, मोडंन! मोडंन!" करत आडवा आला. जमलेल्या बायका चुळबुळ करायला लागल्या. शेवटी चिंधानं दुसरंच कुठलंतरी मारामारीचं पिक्चर लावलं, आणि धुरपदाबाई नव्या लुगड्यात उठून चुलीपाशी गेल्या.

मग आबा जळगावला गेले. मोठ्या दुकानातला टाय लावलेला माणूस फार गोड बोलला. "काका, ही पद्धत आता मागं पडली. तुम्ही असं करा, हा टीव्ही घ्या, त्याच्याच जोडीचं हे मशीन घ्या, सगळं एका कंपनीचं, कटकट नाही."

"आन माझी कॅसेट त्यात लागंन?"

"ती नाही लागणार."

"मंग कटकट कोणाची गेली रे बाबा? तुह्यीच ना?" आबा इतके मोठ्यानं ओरडले, की पंखे बघायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं. भुसावळला गेले, तिथेही तेच. वरणगावच्या फॅक्टरीतल्या एका साहेबाकडे लहान कॅसेटचं मशीन आहे असं कळलं म्हणून तिथे गेले, तर साहेबांची बदली झालेली. दरवेळी कॅसेट रुमालात गुंडाळून न्यायची आणि तशीच परत आणायची. आबा दारातून शिरले की धुरपदाबाई काही विचारत नसत, नुसत्या रुमालाकडे बघत. आबांना ते विचारण्यापेक्षा जड जाई.

ती कॅसेट जिथे नक्की लागत होती असं घर एकच, धुळ्याचं. बेबाच्या सासरी लहान कॅसेटचंच मशीन होतं.

आता कोणी म्हणेल, मग एसटीत बसायचं आणि जायचं. पण मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा धुरपदाबाई घेणार नव्हत्या. बरं, मशीन मागवून घ्यावं, तर मुलीच्या बापानं व्याह्यांपुढे हात पसरायचा? की जावयानं डोक्यावर मशीन घेऊन धुळ्याहून यायचं? छे! आबा एकदा म्हणालेही, "पाणी बाटलीत नेऊ आपलं. जाऊन, पाहून, परत येऊ."

"काही नका सांगू," धुरपदाबाई म्हणाल्या. "पोरीच्या दारात जाऊन उपाशी परत यायचं? तिच्या जिवाले काय वाटंन? राहू द्या. माह्या नशिबात नाही पाह्यचं." आणि कॅसेट लुगड्यांच्या ट्रंकेत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवून दिली.

पुढच्या वर्षी बेबा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाला मोतीलालराव आले आणि जेवताना सहज बोलून गेले, "आबा, ते जुनं मशीन काढतोय आता. सुटे भाग मिळत नाहीत. यंदा मोठ्या कॅसेटचं घेऊ म्हणतो."

आबांचा घास हातातच राहिला. एरवी बाळ-बाळंतिणीला तीन महिने हलवू न देणारा हा माणूस, पण सव्वा महिना होतोय न होतोय तोच त्यांना घेऊन धुळ्याच्या गाडीत बसला. धुरपदाबाईंच्या मांडीवर नात, आबांच्या मांडीवर कॅसेट. नात झाली आणि धुळ्याचं पाणी मोकळं झालं.

बेबाच्या हातचं शेवभाजी-भाकरीचं जेवण झालं. धुरपदाबाई आज पहिल्यांदा लेकीच्या घरी जेवल्या, दोनदा भाजी मागून घेऊन जेवल्या. मग मोतीलालरावांनी कॅसेट आत सारली. टीव्हीवर आधी नुसत्या आडव्या रेघा धावल्या. आबा देवाचं नाव घ्यायला लागले. आणि एकदम चित्र स्थिर झालं.

"बय माझी!" धुरपदाबाई ओरडल्या.

अंतरपाटामागे बेबा उभी होती. मंगलाष्टकं चालू होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं माझ्या पोरीनं," धुरपदाबाई टीव्हीलाच सांगू लागल्या. बेबा शेजारीच बसून लेकीला थोपटत होती, ती हसली. शेवटचं मंगलाष्टक आलं. धुरपदाबाई गुडघ्यावर पुढे सरकल्या.

आणि त्या सुरतेच्या बहाद्दरानं काय करावं? कॅमेरा उचलला आणि गर्दीच्या डोक्यांवरून तो थेट मागच्या अंगणात गेला.

तिथे तुळशीपाशी एक बाई बसली होती, मांडवाकडे पाठ करून. तांब्या रिकामा झाला होता तरी ती तो तुळशीवर धरून होती. डाव्या मुठीत अक्षता. "सावधान" झालं, बँड कडाडला, आणि तिनं मागे न बघता ती मूठ डोक्यावरून मांडवाकडे भिरकावली. अक्षता तिच्याच पाठीवर पडल्या. मग ती कपाळ कुंडीला टेकून हमसाहमशी रडायला लागली. आजूबाजूला कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

"हात मेल्या!" धुरपदाबाई चिडल्या. "माझं काय काढत बसला? माझी पोरगी दाखव ना!"

चित्र मांडवात परतलं तेव्हा हार घालून झाले होते. मोतीलालराव ओशाळून म्हणाले, "चुकलंच त्याचं. नेमक्या वेळी भलतीकडेच गेला. पुढचं लावू का?"

लग्नात अक्षता पडल्या तेव्हा आबा मांडवात हसत, नमस्कार घेत उभे होते. बायको रीतीप्रमाणे मागं तुळशीला पाणी घालत असेल, एवढंच त्यांनी धरलं होतं. कॅसेटसाठी ते जळगाव, भुसावळ, वरणगाव हिंडले, दुकानदारांशी भांडले. पण त्या दिवशी तुळशीपाशी काय झालं हे त्यांनी बायकोला एकदाही विचारलं नव्हतं.

"मागं घ्या," ते म्हणाले.

"हारापासून?"

"नाही. तुळशीपासून."

"अवो, त्यात काय आहे पाह्यसारखं?" धुरपदाबाई लाजून कावल्या. "पाठमोरी त बसली मी."

"तू गप बस," आबा म्हणाले, आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले. "मले पाहू दे. मी कुठी पाह्यलं होतं?"