बॅनरवरून साखर का काढली?

...आणि वर मलाच सांगता, ‘काकू, आजकाल साखर म्हणजे विष, म्हणून काढली.’ अरे, जुलाब झालेल्या लेकराला कसला आलाय डायबिटीस? ग्रुपवर टाकलेल्या आपल्या मंडळाच्या बॅनरच्या नमुन्यावर नुसतं ‘मीठ-पाणी पाजा’ लिहिलंय. कालपासून डोकं फिरलंय माझं.

मी चौथी शिकलेली बाई. पण हे मी बघितलंय... लिंबायतच्या कामगार वस्तीत, नव्वदच्या सुमाराला.

एक खोली, बाजूला लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना, दिवसभर खटखट. आम्ही बायका ओट्यावर साड्यांना लेस लावायचो. काय दिवस होते... एकीची चहाची पातेली, सगळ्यांच्या बशा.

माझी मनीषा तेव्हा दीड वर्षाची. जुलाब लागले, थांबेनात. सासूबाई धुळ्याकडच्या, त्यांचा हुकूम... ‘तिले साखर नको दिऊ, आखो जुलाब व्हतीन.’ सगळा ओटा त्यांच्याच बाजूने. गोडाने पोट बिघडतं, हे आम्ही गावाहून गाठोड्यात बांधूनच आणलेलं.

मग नुसतं मिठाचं पाणी पाजत बसलो. पोरीचे डोळे खोल गेले. रडायची, पण डोळ्यांत टिपूस नाही.

घरोघर फिरणारी एक नर्सबेन यायची, तिथलीच, गुजराती. तिने पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर कातडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्याची खूण. तिने सरळ आमच्या साखरेच्या डब्यात हात घातला. सासूबाई आडव्या आल्या, तर शांतपणे म्हणाली, ‘एकलुं मीठुं ना जाय, माजी. खांड जोडे होय तो ज जाय.’ एकटं मीठ आत जात नाही, साखर जोडीला लागते.

मीठ-साखरेचं पाणी चमचा चमचा पाजत राहिली. लेस तशीच मांडीवर, कुणी टाका घालेना... दुपार कलली आणि मनीषा रडली. गालावर पाणी आलं. पोर रडतंय म्हणून अख्खा ओटा हसत होता, असं मी परत कधी पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात सासूबाई शेजारच्या सुनेला दटावत होत्या, ‘साखर टाक वं माय, कंजूशी नको करू.’

आता तीच मनीषा कॉलेजात सायन्स शिकवते. तिने मला समजावलं, लेस लावायच्याच भाषेत. आतड्यातल्या प्रत्येक पेशीला पातळ, तेलकट पडदा असतो. मीठ-साखर तेलात विरघळत नाही, म्हणून बाहेरच अडते. त्या पडद्यात प्रोटीन शिवलेलं असतं... दोरा जसा कापडातून खाली-वर, खाली-वर जातो, तसं आरपार. पडद्यातला त्याचा भाग तेलाशी जुळणारा, बाहेर निघालेला भाग पाण्याशी जुळणारा.

तेच दार. मीठ आणि साखर दोघं आले की बाहेरची बाजू मिटते, आतली उघडते. दोन्ही बाजू एकदम कधी उघडत नाहीत. दोघं आत गेले की मागोमाग पाणी जातं. जुलाबातही हे दार चालू राहतं, म्हणून पोर वाचतं.

नर्सबेनला हे प्रोटीन-बिटीन माहीत होतं की नाही, देव जाणे. तिचं नाव विचारायचंही सुचलं नाही आम्हाला. साखरेचा डबा उघडला की अजून तिचा हात दिसतो...

तर मंडळवाल्यांनो, आपल्या नवागामला घरोघर पोरं जुलाबाने आजारी आहेत. बॅनरवर नीट लिहा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ओआरएसचं पाकीट मिळालं तर ते आधी. पोर सुस्त पडलं तर थेट दवाखाना.

बॅनर रविवारी छापायला टाकणार म्हणे. शनिवारी संध्याकाळपर्यंत इथेच ग्रुपवर, सगळ्यांसमोर सांगा... साखर परत लिहिताय की नाही?