ओली शिंगं आणि भावी आमदार

आमच्या घरात पुस्तकं मी वाचतो. डब्यांवरचं बारीक अक्षर बायको वाचते. निवृत्तीनंतर मी पाट, देव्हारे, लाकडी खेळणी रंगवू लागलो, तेव्हा थिनरचा पहिला डबा तिने माझ्या हातून काढून घेतला, चष्मा पुसला आणि उभ्या उभ्या वाचून काढला. माझं एकही पुस्तक तिने इतक्या आदराने वाचलेलं नाही.

तेव्हापासून श्रीरामपुरात माझी कला मागच्या ओट्यावर, उघड्या वाऱ्यात नांदते. लागेल तेवढंच थिनर जुन्या स्टीलच्या वाटीत घ्यायचं आणि डब्याचं झाकण लगेच लावायचं. पाण्याच्या बाटलीत ते कधीही ओतायचं नाही. हाताला लागलेला रंग खोबरेल चोळून साबणाने काढायचा, थिनरने नाही. ब्रश धुतलेलं थिनर मोरीत न ओतता बरणीत झाकून ठेवायचं. रंग तळाशी बसला की वरचं परत वापरता येतं. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकायचा नाही, उलगडून बाहेर तारेवर टाकायच्या. आणि तिने संध्याकाळी देवापुढे दिवा लावायच्या आधी माझं दुकान बंद. "त्याची वाफ दिसत नाही," ती म्हणते, "पण जमिनीलगत सरकत दिव्यापर्यंत जाते."

"मागं वाघ पाळलाय का?" असं मित्र विचारायचे. मी हसायचो, पण झाकण लावायचो.

गेल्या वर्षी पोळ्याला आम्ही सोनईजवळ तिच्या भावाकडे गेलो. वस्तीवर ट्रॅक्टर घरोघरी झालेत, पण मेहुण्याने एक खिलार जोडी ठेवली आहे आणि तिच्यावर त्याचा जीव आहे. शिंगं रंगवायचा मान माझा. एरवी जुना रंग आदल्या दिवशी खरवडून निघतो. या वेळी ते राहून गेलं होतं, आणि निरोप आला की पूजेला तालुक्यातले एक भावी आमदार येणार. आमच्याकडे भावी आमदार बरेच आहेत. फ्लेक्सवर तर जागा पुरत नाही.

मेहुण्याने घाईत थिनरचा डबा आणला, फडकं भिजवून जुना रंग पुसून काढला आणि मी त्यावर लाल ऑइलपेंटचा हात दिला. लवकर वाळावा म्हणून त्यातही त्याने सढळ हाताने थिनर ओतलं. बायको आत पुरणावर होती. ओलं फडकं मेहुण्याने बैलाच्या वेसणीजवळ, गव्हाणीच्या काठावर टाकलं. डबा तिथेच, उघडा.

तेवढ्यात गाड्या आल्या. साहेब उतरले, टोपी सारखी केली, फोटोवाला पुढे धावला. मेहुण्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पेटलेल्या निरांजनाचं तबक घेऊन बाहेर आल्या आणि साहेबांनी ओवाळण्यासाठी ते हातात घेतलं.

"दिवा जरा वर घ्या साहेब, शिंगापाशी," फोटोवाला म्हणाला. "उजेड लई भारी येतोय."

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत दारातून आवाज आला. "थांबा! तबक मागं घ्या."

बायको पिठाच्या हातांनी मधे येऊन उभी राहिली. साहेबांच्या हातून तिने तबक काढून घेतलं आणि लांब तुळशीपाशी नेऊन निरांजन मालवलं.

अंगणात पेटता दिवा विझवणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

"आक्का, आगं सणासुदीचा दिवा!" मेहुणा कळवळला.

"बैल हवेत का दिवा? शिंगं थिनरनं ओली हायत, फडकं हितं, डबा उघडा. ठिणगी पडली तर बांधलेलं जनावर पळंल कुठं?"

मेहुण्याने फडक्याकडे पाहिलं, मग जोडीकडे. त्याचा चेहरा उतरला. त्याने डब्याला झाकण घातलं.

"ताई, मला अजून चार गावं करायचीत," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

"करा की. पण चार गावांना भाजलेला हात दाखवत फिरनार का?"

वहिनी पदरात हसल्या. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. बायकोने डबा शेताच्या बांधाकडे पाठवला, फडकं उलगडून मोकळ्यावर टाकायला लावलं आणि जोडी वाऱ्याला बांधायला सांगितली. साहेबांनी हळद-कुंकू वाहिलं, पुरणपोळी भरवली, पण दिव्याचा फोटो काही मिळाला नाही. रंग वाळून वास गेल्यावर, दिवस कलताना वहिनींनी निरांजन पुन्हा लावलं आणि ओवाळलं. तेव्हा मेहुणा जोडीच्या मधे उभा होता, दोघांच्या मानेवर हात टाकून. बायको मात्र ओट्यावर बसून त्या ज्योतीकडे टक लावून होती.

दोन दिवसांनी मेहुण्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. पुढच्याच गावात साहेब माईकवरून सांगत होते, "बांधवांनो, शिंगं ओली असताना दिवा जवळ नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती."

मी चिडलो. "वाक्य तुझं, टाळ्या त्याला!"

"पोचलं ना?" ती म्हणाली आणि चष्मा पुसून नव्या वॉर्निशचा डबा वाचायला बसली.

ती वाचते तोवर मी व्हिडिओ शेजाऱ्यांना दाखवून आलो. वाक्य मुळात कोणाचं, हेही प्रत्येक घरात सांगितलं.