एडिटिंगबद्दल दोन शब्द

पिपरी मेघेत आम्ही काही रिकामटेकडे मिळून कलाकारांशी गप्पांचा कार्यक्रम करतो. कोणी नवं नाटक बसवलं, गाण्यांना चाली लावल्या, सिनेमा केला की त्याला बोलवायचं आणि खुर्चीत बसवून बोलतं करायचं. प्रश्न मी विचारते. का, तर मी शाळेत मराठी शिकवायची आणि माईक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. माझा प्रश्न संपेस्तोवर पाहुण्याचा चहा पिऊन होतो. एका गायिकेला तिच्या नव्या चालींबद्दल विचारता विचारता मीच अंतरा म्हणून दाखवला होता. बिचारी टाळ्या वाजवत बसली.

तर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने छोटा सिनेमा केला आणि त्यात चक्क मला घेतलं. समुद्रपूरची पोरगी नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडते, तिची मावशी एसटीच्या खिडकीतून तिला डबा देते. मावशी म्हणजे मी.

"मॅडम, काही बोलायचं नाई. फक्त डबा द्या," त्याने बजावलं.

आता मुकाट्याने डबा देणारी मावशी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणी पाहिली आहे का? पण म्हटलं, ठीक आहे, तोंड बंद तर तोंड बंद, चेहऱ्याने बोलू. डोळ्यांत पाणी, थरथरते ओठ, होतं नव्हतं ते सगळं ओतलं. नवरा माझी पिशवी धरून रसवंतीजवळ उभा होता. "अवो, कसं झालं?" विचारलं, तर म्हणे, "ऊन लय आहे."

सिनेमा आमच्याच कार्यक्रमात दाखवायचा ठरला. आधी सिनेमा, मग गप्पा. मी गल्लीभर दवंडी पिटली. नणंदेला तर कारंज्याहून मुद्दाम बोलावलं, कारण मी काहीही सांगितलं की "हो का वैनी?" एवढंच म्हणायची तिची जुनी खोड. यावेळी तिला पडद्यावर माझं तोंड दाखवायचंच होतं. पहिल्या रांगेत बसवली.

पडद्यावर एसटी लागली. मी नणंदेला कोपराने ढोसलं. "आता पाहजो!" खिडकीशी एक हात आला, हातात डबा, पोरीने तो घेतला आणि गाडी सुटली. झालं! मी मान वाकडी करून पडद्याच्या कडेला पाहिलं, जशी काही मी तिथे सांडले असेन. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी नणंद वाट पाहत होती.

आणि लगेच मलाच वर जाऊन प्रश्न विचारायचे होते. ठरवलेले सगळे प्रश्न डोक्यातून पळाले होते.

"एडिटिंगबद्दल दोन शब्द सांग," मी म्हटलं. सूर असा लागला की पोरगं खुर्चीतून अर्धं उठलं.

"मॅडम, राहू द्या ना."

"खरं सांग."

"तुम्ही दरवेळी कॅमेऱ्याकडं पाहून राह्यल्या होत्या," तो म्हणाला. "अन् पोरगी नोकरीले चालली होती मॅडम. तुमच्या तोंडाकडं पाह्यलं तर वाटे, तिची मयतच उठली."

हॉल हसून लोटपोट. मीही हसले, करते काय? डोळे भरले होते, आणि यावेळी ते मी भरले नव्हते. इतकं वाईट वाटलं की वाटलं, हा कार्यक्रमच बंद करून टाकावा मेला.

घरी चालत निघालो, तर नणंदेने विचारलंच. "वैनी, मंग तुमी कुठी होत्या?"

मी तोंड उघडायच्या आधी नवरा बोलला. "तो हात हिचाच होता."

"दादा, तुले कसं समजलं? नुसता हात तर होता."

"त्या पोरीनं धरला तरी डबा सोडला नाई हिनं. झाकण लागलं का, ते अंगठ्यानं दाबून पाह्यलं, मंगच सोडला. मी ड्युटीवर जाओ तेव्हा मले रोज तसाच देत जाय." मग माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "तेवढं लय चांगलं केलं तू."