झोपवून काढलेला फोटो

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी महाडहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. गावातल्या एका खासगी दवाखान्यात क्ष-किरण यंत्र आले, तेव्हा ‘आता पोटातले दुखणे लपणार नाही’ असे मी लिहिले. ते कसे चालते, हे कोणाला विचारले नव्हते.

त्यानंतर काही आठवड्यांनी डोंगरावरच्या कुडपण गावचा एक ओळखीचा शेतकरी त्या दवाखान्यात आला. सकाळी पोटात अचानक कळ आली होती. चौघांनी डोलीतून खाली उतरवून पोलादपूरमार्गे जीपने आणले होते. बायको सोबत होती. महाडात त्यांच्या ओळखीचा मीच, म्हणून मला बोलावले.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. ते फळीसारखे कडक होते. “उभं करून फोटो काढा. आतडं फुटलं असेल तर हवा वर चढते, छातीच्या पडद्याखाली दिसते,” एवढे फोटो काढणाऱ्याला सांगून ते अडलेल्या बाळंतिणीकडे गेले.

उभे करताच तो ओरडला.

“नका ओ उभा करू त्यांना,” बायको म्हणाली. “भाऊ, तुम्ही सांगा ना.”

झोपवूनच काढा, असे मी सांगितले. फोटो काढणारा म्हणाला, “झोपवून हवा दिसायची नाय.”

“माणूस तळमळतोय आणि तुम्ही कवायत घेताय?”

“बरं बाबा. तुम्ही पेपरवाले. उद्या माझंच नाव छापाल.”

फिल्म धुऊन आली. ती पाहून फोटो काढणारा मला म्हणाला, “यात काय दिसत नाय. पण डॉक्टरांना येऊ दे.”

बाहेर रोग्याजवळ बसलेल्या बायकोला मी पहिलेच वाक्य सांगितले. दुसरे गाळले. बातमीतही मी असेच करत असे.

तोवर रोग्याची कळ बरीच उतरली होती. “मग घरी नेऊ?” तिने विचारले. “जीपवाला थांबलाय.”

“न्या,” मी म्हणालो.

तासाभराने डॉक्टर परतले. फिल्म खिडकीकडे धरून म्हणाले, “हा झोपवून काढलाय. कोणी सांगितलं?”

“मी.”

“आणि पेशंट?”

कळ उतरली होती, घरी गेले, असे मी सांगितले. आतडे फुटल्यावर मध्ये असा फसवा आराम पडतो, हे मला त्यांच्याकडून कळले. आम्ही त्यांच्या गाडीने पोलादपूरच्या पुढे गेलो. डोली डोंगर चढून गेली होती. वर जाणाऱ्या माणसाजवळ निरोप दिला. दुसऱ्या दिवशी रोग्याला पुन्हा खाली आणले. मुंबईला नेताना वाटेत तो गेला.

पुढे कधीतरी बाजाराला आली असताना त्याची बायको माझ्या घरी आली. नाचणीचे पीठ आणले होते. म्हणाली, “भाऊ, तुम्ही होता म्हणून त्यांना उभा राहायचा तरास तरी झाला नाय.”

मी पीठ घेतले. तिला चहा दिला. उभे केले असते तर काय दिसले असते, ते सांगितले नाही.