पेठेच्या शंभरीचा बैल

माझ्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले निम्मे आज नीट आठवतही नाहीत. एका बैलाच्या चोरीचा तपास मात्र अजून डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहतो. घरातली मंडळी हसतात. बैल चोरीला गेला, ही काय आयुष्यभर सांगत बसायची गोष्ट झाली का, म्हणतात. हसू देत बापडी! ज्यांनी ती मिरवणूक पाहिली नाही, त्यांच्याशी मी कशाला वाद घालू?

निजामाचं राज्य होतं. एकोणीसशे तीस ते चाळीसच्या दरम्यानची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. औंढ्याहून जवळा बाजाराकडे जाताना वाटेच्या बाजूला एक पेठ लागते, तिथल्या ठाण्यावर मी अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. हाताखाली एक वयस्क जमादार, थोडे जवान, आणि लिहिणं सगळं उर्दूत. पेठेचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यांची नातवंडं आज तिथं नांदत आहेत.

ही पेठ कुणा राजानं वसवली नाही. पूर्णा नदीवर तेव्हा धरण नव्हतं आणि पावसाळ्यात ती आठ-आठ दिवस कुणाला पलीकडे जाऊ देत नसे. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून चाललेला लमाणांचा एक तांडा असाच पुरामुळं अडकला. त्यांनी माळावर गोण्या उतरवल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, बैलांना विसावा असतो आणि माणसांना सवड. आसपासच्या खेड्यांतले लोक मीठ घ्यायला आले. कुणी बदल्यात ज्वारी आणली, कुणी तेल, कुणी मडकी. तोच त्या जागेवरचा पहिला बाजार. तांडा पुढं जवळच कायमचा राहिला, आणि माळावर दुकानं झाली, देऊळ झालं, मशीद झाली, तालीम झाली.

म्हणून दर करीला पेठेचा वाढदिवस असायचा. मोठी मिरवणूक निघायची, आणि तिच्या पुढं त्याच तांड्याचा बैल, पाठीवर मिठाची गोणी घेऊन चालायचा. मिरवणूक संपली की ते मीठ घरोघर चिमूट चिमूट वाटत. हिंदू असो, मुसलमान असो, ते मीठ भाजीत पडल्याशिवाय त्या दिवशी पेठेत कुणी जेवायला बसत नसे. मी मूळचा दुसरीकडचा माणूस, पण ही रीत पाहून मला त्या गावाचं मोठं कौतुक वाटलं होतं.

त्या साली पेठेला शंभर वर्षं पुरी होत होती. पाहुणे म्हणून जिल्ह्याचे पोलीसप्रमुख, ज्यांना आम्ही मोहतमीम साहेब म्हणायचो, स्वतः येणार होते. महिनाभर गाव नुसतं उधाणलं होतं. तालमीची पोरं लेझीम घोटत होती. हिंगोलीच्या छावणीत एके काळी नोकरी केलेले म्हातारे स्वार जुन्या कोटांची बटणं राखेनं घासत होते. आणि पेठेतल्या एका बड्या जमीनदाराच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. त्यांना सगळे मालक म्हणत. त्यांनी नवा पांढरा घोडा घेतला होता. साहेबांसमोर बैल काय मिरवता, या वर्षी पुढं घोडा चालू द्या, असं त्यांनी पंचांच्या बैठकीत मांडलं. पंच बधले नाहीत. तेव्हा मालक उठता उठता म्हणाले, "बघू. बैल आला तर चालंल."

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तांड्याचा नाईक ठाण्यात आला. साठी उलटलेला, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. दारातच उभा राहिला.

"साहेब, बैल गेला."

"कुठून?"

"वढ्याच्या काठाला बांधला व्हता. लालकंधारी हाय, डोळ्याभवती पांढरी कडी. कापून न्हाई नेला, दावं सोडून नेलाय."

मी कान टवकारले. चोर घाईत असतो, तो दावं कापतो. सोडून नेणारा माणूस जनावरांत वावरलेला असतो, आणि परक्या बैलानंही त्याला शिंग उगारलेलं नसतं.

"तुझ्याकडं दुसरे बैल असतील की," मी म्हटलं.

"हायेत. पर हा त्या पयल्या बैलाच्या वंशातला. साहेब, बैल माझा न्हाई, पेठेचा हाय. मी नुसता राखतो. शंभर वर्सं आमी राखला, अन् नेमका माझ्या हातून गेला. आता तांड्यात तोंड कसं दाखवू?" एवढं बोलून तो धिप्पाड माणूस लहान लेकरासारखा रडायला लागला. मी त्याला हाताला धरून आत बसवलं.

पेठेत तोवर कुजबुज सुरू झाली होती. तांड्यावाल्यांनीच बैल विकला असंल, तांड्याची झडती घ्या. दोघे-तिघे तर ठाण्यात येऊन मला शहाणपण शिकवायला लागले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, फिर्याद करणाऱ्याच्याच घराची झडती घ्यायची, तर उद्या चोरी सांगायला ठाण्यात येईल कोण, तुमचा काका? चालते व्हा.

तरी दिवसभर पायपीट करून हाती काही लागलं नाही. जवळा बाजारला माणूस धाडला, तिथं तसा बैल कुणी पाहिला नव्हता. नदीला पूर, म्हणजे पलीकडं नेलेला नाही. बैल इथंच कुठं तरी होता. मालकांवर माझा संशय होता, पण संशयावर बड्या माणसाच्या गोठ्यात शिरलो असतो तर माझी बदली ठरलेली होती.

खबर आली ती पोळ्याच्या सकाळी, आणि देणाऱ्याला आपण खबर देतोय हे माहीतही नव्हतं. दोरखंड वळणारा एक म्हातारा ठाण्याच्या विहिरीसाठी नवा दोर घेऊन आला होता. पोळ्याला प्रत्येक बैलाच्या तोंडावर नवी मोरकी चढवायची असते, आणि शेतकऱ्याला त्या पुरवण्याचं काम त्याचं. तो जमादारापाशी कुरकुर करत बसला.

"बलुतं देतेत एका जोडीचं, अन् मोरक्या मागतेत तीन! मालकाच्या वढ्याकडच्या आखाड्यावरचा गडी काल आलता. म्हणलं, तिसरी काहून रे? तर म्हणतो, असू दे एक."

मी हातातला चहा तसाच ठेवला. त्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या त्या वस्तीवर, एकच जोडी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं.

विचार करा. दुसऱ्याचा बैल चोरून लपवला आहे. गप्प राहायचं, कुणाच्या नजरेत भरायचं नाही, एवढं तर कुणालाही कळतं. पण घरी चोरीचा का होईना, बैल आहे, आणि उद्या पोळा आहे. दोन बैलांना नवी मोरकी आणि तिसऱ्याच्या तोंडावर जुनी, हे त्या माणसाच्यानं बघवलं नाही. असली चूक शहरातला चोर सात जन्मांत करणार नाही.

पण मोरकी म्हणजे पुरावा नव्हे. पोळा फुटून बैल घरोघर परतल्यावर मी गड्याला ठाण्यात बोलावलं. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, मान खाली घालून उभा राहणारा माणूस.

"बैल नेलास?"

"म्या न्हाई."

"तिसरी मोरकी कुणाला?"

"जास्तीची असावी म्हनून."

दरडावलं, समजावलं, कोठडी दाखवली. दगड! जमादार हळूच म्हणाला, "साहब, जरा हात लगाने दो. अब्बी बोलेगा." मी नको म्हटलं. मारून बोललेला माणूस खरं बोलतो का मार चुकवायला बोलतो, हे कुणाच्या बापाला कळत नाही.

मग मी गड्याकडं पाठ केली आणि जमादाराशीच बोलायला लागलो, मुद्दाम मोठ्यानं. "जमादार, बैल काही जिवंत सापडायचा नाही. नेणाऱ्यानं झाडीत बांधला असेल आणि पळाला असेल. सणाचा दिवस, मुकं जनावर, पोटात काडी नाही, अंगावर पाण्याचा थेंब नाही. चोर परवडला हो, हा तर हैवान निघाला."

"ओ साहेब! तोंड सांभाळून बोला!"

सगळं ठाणं चपापलं. गडी ताठ उभा होता, डोळे लाल.

"उपाशी? माझ्या दावनीला बैल उपाशी? काल तूप-हळदीनं खांदे मळलेत म्या त्याचे! आज आवतन घ्या, उद्या जेवायला या, म्हणून पाया पडलोय. आज वढ्यात धुतला, शिंगं रंगवली, पुरनाची पोळी आधी त्याला चारली, मंग मी घास घेतला. हैवान म्हनता?"

आणि मग त्याला उमजलं आपण काय बोललो ते. तो मटकन खाली बसला. जमादारानं माझ्याकडं बघून दाढी कुरवाळली.

"मालकांनी सांगितलं होतं?" मी आवाज उतरवून विचारलं.

"मालकाला काई ठावं न्हाई. मीच आनला."

"काहून?"

"आवडला."

हे खोटं आहे हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. पण दुसरा शब्द त्यानं शेवटपर्यंत काढला नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याचं नाव घ्यायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

नाईकाला बरोबर घेऊन आम्ही दिवस मावळायच्या आत आखाड्यावर गेलो. गोठ्याच्या आतल्या अंगाला बैल उभा होता. नवी मोरकी, रंगवलेली शिंगं, पुढ्यात हिरवा चारा. नाईकाला पाहून त्यानं मान हलवली. म्हातारा त्याच्या गळ्यात पडला. मग त्यानं खांद्यावरून हात फिरवला, तर बोटं हळदीनं पिवळी झाली. ती त्यानं नाकाशी नेली.

"तूप कुनाचं?" त्यानं गड्याला विचारलं.

"माझ्या घरचं."

"गाय हाय तुला?"

"न्हाई. इकत आनलं."

नाईकानं ती पिवळी बोटं मुठीत मिटली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर फिर्याद नको."

"चोरी ती चोरी. कायदा काय पोरखेळ आहे?"

"फिर्याद कुनाची हाय?"

"तुझी."

"मंग मी म्हनतो, नको."

माझा जीव भांड्यात पडला. तोंड मात्र कडकच ठेवलं. अमीनाला तेवढं करावंच लागतं.

दुसऱ्या दिवशीसारखी मिरवणूक मी नंतर हैदराबादेतही पाहिली नाही, हे छातीठोक सांगतो. मर्फ्याचे ढोल वाजायला लागले तसा माळ दणाणला. कुंभारांनी गाडीवर चाक बसवलं होतं आणि चालत्या गाडीत गाडगी घडवत होते. विणकरांनी कापडाचं लांबच लांब थान दोन्ही बाजूंनी धरलं होतं. अत्तरवाले माणूस न बघता गुलाबपाणी शिंपडत होते. छावणीचे म्हातारे स्वार गुडघे दुखत असूनही असे ताठ बसले होते की माझ्या जवानांना लाज वाटावी. आणि सर्वांच्या पुढं तो लाल बैल, पाठीवर मिठाची गोणी. त्याच्या मागं मालकांचा पांढरा घोडा.

निघायच्या वेळी नाईकानं एक गोष्ट केली. गर्दीत तोंड लपवून उभ्या असलेल्या गड्याला त्यानं दंडाला धरून ओढून आणलं आणि बैलाचा कासरा त्याच्या हातात दिला. "ज्यानं खांदे मळले, त्यानं धरायचा," एवढंच बोलला. तांड्याबाहेरच्या माणसाच्या हाती तो कासरा कधी गेला नव्हता. घोड्यावर मालकांचं तोंड उतरलेलं मी पाहिलं.

बैल ज्या दारापुढं येईल त्या घरच्या बाईनं त्याच्या खुरांवर पाणी घालायचं, अशी तिथली चाल. मालकांच्या वाड्यापुढं त्यांची म्हातारी आई तांब्या घेऊन आली. कुणी तिला काय सांगितलं होतं, का ती आपण होऊनच समजली होती, देव जाणे. तिनं बैलाच्या खुरांवर पाणी घातलं. मग दोन पावलं सरकून गड्याच्या पायांवर घालायला लागली. गडी गर्रकन मागं सरला.

"आईसाहेब, काहून पाप लावता मला? मी गडी हाय तुमचा!"

"गप उभा राहा," म्हातारी म्हणाली, ते मागं घोड्यापर्यंत ऐकू गेलं. "माझ्या घरातल्या एकानं तरी पोळा पाळला."

मालक घोड्यावरून उतरले. लगाम नोकराकडं दिला आणि उरलेली मिरवणूक खाली मान घालून पायी चालले. गड्याला त्यांनी कामावरून काढलं नाही. पुढं कधी त्याला टाकून बोललेलंही मी ऐकलं नाही.

माणसाची वाईट खोड हेरा, चोर सापडेल, असं आम्हाला शिकवलेलं असतं. ते खोटं नाही. दारू, जुगार, बाई, यांच्या मागावर राहून मीही पुष्कळ चोर धरले. पण त्या तपासानंतर मी माणसाची चांगली खोडही बघायला लागलो, कारण वाईटपणा झाकायला माणूस शिकतो, चांगुलपणा झाकायचं त्याच्या डोक्यातच येत नाही. दर वेळी उपयोग झाला असं नाही. काही माणसांत ती सापडलीच नाही, त्यांना मी सरळ आत टाकलं.

मिरवणूक पाहुण्यांच्या मांडवापुढं आली तेव्हा मोहतमीम साहेबांच्या शेजारी मी उभा होतो. गडी कासरा धरून समोरून चालला होता, पाय अजून ओले, डोळेही. काय झालं कुणास ठाऊक, मी टाच आपटून खाडकन सलाम ठोकला.

साहेबांनी चमकून विचारलं, "अमीन साहब, किसको सलाम किया?"

"बैल को, साहब," मी म्हणालो.