जीपच्या कॅलेंडरमधल्या गुरुवारच्या नोंदी

आधीच सांगतो, या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून खो-खो हसणाऱ्यांपैकी मी एक होतो. आमच्या गावी, पिंपळीत, शेजारी कुणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम रेडिओ मोठा करायचो आणि आईच्या शिव्या खायचो. त्यामुळे हे वाचून ओळखीचे लोक मला सोडणार नाहीत. न सोडोत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत मी कॉम्प्युटरचं सगळं बघायचो, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून मेल सर्व्हरपर्यंत सगळं. कंपनीचा दुसरा प्लांट इंदापूर तालुक्यात, लोणी देवकरला. तिथल्या एकुलत्या एक जीपसाठी सर्व्हरवर एक सामायिक कॅलेंडर होतं. जीप हवी तर त्यात नोंद करायची, तिची प्रिंट गेटवर द्यायची, मगच जीप हलणार. ते कॅलेंडर कुणी नुसतं बघायचं आणि कुणी त्यात लिहायचं, याची परवानगी देणारा मी. वय पंचवीस आणि हातात एवढी सत्ता... डोक्यात हवा गेली होती, खोटं कशाला बोलू?

लोणी देवकरचा कॉम्प्युटर स्टोअरमध्ये सोपानरावांच्या टेबलावर होता. सोपानराव म्हणजे तिथले स्टोअरकीपर, शेळगावचे, पन्नाशीचा माणूस. नोंदी तेच करायचे आणि सढळ हातानं करायचे. कुणाचं पोर तापलं, कुणाची म्हातारी पडली, की लगेच जीप. आमच्या जनरल मॅनेजरना ते खपत नव्हतं. एका ड्रायव्हरला तर त्यांनी नोंदीशिवाय जीप काढली म्हणून घरी बसवलं होतं. एक दिवस मला बोलावून म्हणाले, "त्या सोपानला कॅलेंडर नुसतं दिसू दे. लिहिता येता कामा नये."

मी पाच मिनिटांत परवानगी काढली. वर मला मजाही वाटली, कारण आदल्याच आठवड्यात सोपानराव चारचौघांत माझ्याबद्दल म्हणाले होते, "जाधवसायेब खुर्चीवं बसून बसून लय दमत्यात, त्यास्नी जरा च्या द्या." सगळे हसले होते. माझ्या ते डोक्यात बसलं होतं.

दोन्ही प्लांटना जोडणारी, मोडेमसाठीची एक वेगळी फोन लाइन होती. माझ्या टोकाला एक फोन, दुसरा सोपानरावांच्या टेबलावर. तो वाजला म्हणजे सोपानरावच. त्या दिवशीही वाजला.

"सायेब, हितं मला निस्तं दिसतंय. लिवता येत न्हाय."

"वरून ऑर्डर आहे."

"आन् कुणाला काय झालं तर?"

"मला फोन करा. मी इथून लिहीन."

"उचलाल नव्हं?" ते हसून म्हणाले. मी फोन ठेवला.

पंधरा-वीस दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, तो फोन वाजला. मी समोरच होतो. हातात काम नव्हतं. म्हटलं, वाजू दे, कळू दे जरा. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला, बराच वेळ. मी उठून चहाला गेलो.

तिकडे काय झालं होतं ते दुपारी कळलं. सोपानराव गेटवर येऊन ड्रायव्हर तात्यांना म्हणाले, "जरा छातीत भरून आल्यागत व्हतंय, दवाखान्यात सोडता का?" तात्या म्हणाले, "सायबांकडनं लिवून घ्या, लगीच निगतो." सोपानराव फोन करायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. तात्या बघायला गेले तेव्हा ते टेबलाखाली पडले होते. मग नोंद-बिंद गेली खड्ड्यात, तात्यांनी जीप दामटली. पण इंदापूर यायच्या आत सोपानराव गेले.

चौकशीत तात्यांनी हे सगळं सांगितलं. जनरल मॅनेजरनी मला विचारलं, "फोन आला होता?"

मी म्हणालो, "नाही."

झालं. तात्या खोटारडे ठरले, सस्पेंड झाले. सोपानरावांच्या शेळगावात तर त्यांच्या तोंडावर लोक थुंकायचे बाकी राहिले. मी मान खाली घालून सोपानरावांचं खातं सर्व्हरवरून कायमचं काढून टाकलं.

आता गुरुवारचं सांगतो. गुरुवारी एमआयडीसीची वीज बंद असायची, म्हणून दोन्ही प्लांटना तीच सुट्टी. बुधवारी संध्याकाळी सर्व्हर मी स्वतःच्या हातानं बंद करायचो, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. त्या शुक्रवारी सकाळी सर्व्हर चालू केला तर जीपच्या कॅलेंडरमध्ये एक नोंद — "लोणी देवकर ते इंदापूर, दवाखाना. सोपान." नोंद केल्याची वेळ गुरुवार, सव्वाअकरा.

कुणाचा तरी हलकटपणा, म्हणून मी ती उडवली. सर्व्हरचं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. पुढच्या शुक्रवारी तीच नोंद परत. उडवायला गेलो तर उडेना. परवानग्यांची यादी उघडली, तर काढून टाकलेलं सोपानरावांचं नाव सगळ्यात वर, पूर्ण अधिकारांसह. माझ्या नावापुढे फक्त बघण्याची परवानगी. सर्व्हर माझा, पासवर्ड माझा, आणि मला लिहिता येत नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी नोंदीखाली एक ओळ जास्त होती — "फोन केला होता. दोनदा."

दोनदा! तात्यांनासुद्धा किती वेळा ते माहीत नव्हतं. ते एकट्या मलाच माहीत होतं.

नेमकी त्याच नोंदीची प्रिंट लोणी देवकरला कुणीतरी काढली आणि ती गेटवरून जनरल मॅनेजरच्या टेबलावर आली. "खोलीची किल्ली तुझ्याकडे, पासवर्ड तुझ्याकडे," ते ओरडले. "मग काय भूत लिहितंय? तात्याचा माणूस आहे कोण आत? पुढच्या शुक्रवारपर्यंत नाव दे, नाहीतर तात्याला कायमचा काढतो आणि पाठोपाठ तुला."

गुरुवारी मी एकटाच जाऊन त्या खोलीत बसलो. वीज नाही, सर्व्हर बंद, दाराला आतून कडी. सव्वाअकराला मोडेमशेजारचा फोन वाजला.

फोनला वीज लागत नाही, तो वाजू शकतो, हे मला कळतं. पण तिकडचं स्टोअर कुलूपबंद होतं, किल्ली गेटवर होती, आणि वॉचमननं नंतर शपथेवर सांगितलं की आत चिटपाखरू गेलं नव्हतं. मी रिसीव्हरवर हात ठेवला. उचलला तर त्या मंगळवारी मी समोरच बसलो होतो, हे सोपानरावांना सांगावं लागलं असतं. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. तो इतका रागानं वाजत होता... फोनला राग असतो का, असं विचारू नका, होता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि तो थांबेपर्यंत हललो नाही.

शुक्रवारी कॅलेंडर कोरं होतं. सोपानरावांचं नाव यादीत नव्हतं आणि माझे सगळे अधिकार मला परत मिळाले होते. मला त्याचा आनंद झाला नाही, उलट कुणीतरी तोंडावर थुंकून निघून गेल्यासारखं वाटलं.

तसाच जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "फोन आला होता. दोनदा. मी उचलला नाही."

तात्यांना परत घेतलं, मला काढलं. माफी मागायला मी तात्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

"आज खरं बोललासा, ठीक हाय," ते म्हणाले. "पर माजी पोरगी महिनाभर साळंत गेली न्हाय, पोरं चिडवत्यात म्हून. तुमी जावा आता."

पुढे अनेक ठिकाणी नोकऱ्या केल्या, मोठमोठे सर्व्हर सांभाळले. बंद मशीनवर नोंद कशी होते, काढलेलं नाव यादीत परत कसं येतं, हे जाणकारांना विचारून दमलो. कुणालाच सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

पण त्या गुरुवारी, सगळं ठाऊक असूनही, फोन दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो का उचलला नाही, हे कळवू नका. तेवढं मला माहीत आहे.